विश्लेषण : आठवड्याला कोट्यवधींचा पगार, मग मैदानात घाम का दिसत नाही?

रविवारी रात्री प्रीमियर लीगचा सामना पाहणाऱ्या प्रत्येक घरात, हॉस्टेलच्या खोलीत आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘एवढा पगार घेतो आणि धावायला नको!’ संघ हरत असेल तर हा राग आणखी वाढतो. फुटबॉलपटूंचा पगार आता इतका मोठा झाला आहे, की त्यांच्या प्रत्येक चुकलेल्या पासची किंमत प्रेक्षक पाउंडांत मोजू लागले आहेत. पण पगार वाढला म्हणून मेहनत कमी होते का? खेळाडू खरोखर अंग चोरतात का? चोरत असतील, तर क्लब त्यांचे पैसे का कापत नाहीत? मार्कस रॅशफर्डच्या गाजलेल्या प्रकरणाच्या आधारे या प्रश्नांचा हा आढावा.

रॅशफर्डचे प्रकरण नेमके काय?

मार्कस रॅशफर्ड वयाच्या सातव्या वर्षापासून मँचेस्टर युनायटेडचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये, अवघ्या १८व्या वर्षी, त्याने पदार्पणाच्या सामन्यात दोन गोल केले आणि तीनच दिवसांनी आर्सेनलविरुद्ध पुन्हा दोन. २०२२-२३ च्या हंगामात त्याने सर्व स्पर्धांत मिळून ३० गोल झळकावले. त्यानंतर, जुलै २०२३ मध्ये क्लबने त्याच्याशी २०२८ पर्यंतचा करार केला. ब्रिटिश माध्यमांतील वृत्तांनुसार त्याचा पगार आठवड्याला ३ लाख पाउंडांहून अधिक होता. म्हणजे दर आठवड्याला सुमारे साडेतीन कोटी रुपये.

पुढच्याच हंगामात त्याचे गोल ३० वरून ८ वर आले. जानेवारी २०२४ मध्ये एक सराव चुकवल्याच्या प्रकरणाने वाद झाला. रॅशफर्डने जबाबदारी स्वीकारली असून विषय संपला आहे, असे क्लबने जाहीर केले. मात्र, चर्चा संपली नाही. त्याचे खांदे पडलेले असतात, चेंडू गमावल्यावर तो मागे धावत नाही, असे चाहते आणि माजी खेळाडू उघडपणे बोलू लागले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये रुबेन अमोरिम प्रशिक्षक म्हणून आले. डिसेंबरमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्धच्या सामन्यासाठी त्यांनी रॅशफर्डला संघाबाहेर ठेवले. जानेवारी २०२५ मध्ये फुलहॅमविरुद्धच्या सामन्यानंतर त्यांनी थेट कारण सांगितले. रोजच्या सरावात सर्वस्व न देणाऱ्या खेळाडूपेक्षा आपण ६३ वर्षांच्या गोलरक्षक प्रशिक्षकाला राखीव बाकावर बसवू, अशा आशयाचे ते विधान होते. काही दिवसांतच रॅशफर्ड अॅस्टन व्हिलाकडे उसनवारीवर, म्हणजे लोनवर गेला. त्या वर्षीच्या जुलैत तो बार्सिलोनाकडे, पुन्हा लोनवरच, दाखल झाला. सप्टेंबरमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये न्यूकॅसलविरुद्ध त्याने दोन गोल केले आणि बार्सिलोनाने सामना २-१ असा जिंकला.

खेळाडू तोच, पाय तेच आणि करारही तोच. मग बदलले काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी हे पगार इतके वाढले कसे, ते पाहावे लागेल.

फुटबॉलपटूंचे पगार इतके वाढले कसे?

इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलला १८८५ मध्ये मान्यता मिळाली. तेव्हाचे बहुतेक खेळाडू कामगार वस्त्यांतले. गिरणी आणि खाणीतल्या कामगारांप्रमाणे त्यांनाही आठवड्याला मजुरी मिळे. फुटबॉलपटूंचा पगार आजही आठवड्याच्या हिशेबात सांगितला जातो तो त्यामुळेच.

या मजुरीवर मर्यादा होती. १९०१ मध्ये ती आठवड्याला ४ पाउंड ठरली. १९५० चे दशक संपतानाही ती २० पाउंडांवरच होती. स्टेडियममध्ये हजारो प्रेक्षक तिकीट काढून येत, पण तो पैसा खेळाडूंपर्यंत पोहोचत नसे. खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष जिमी हिल यांनी संपाचा इशारा दिला आणि जानेवारी १९६१ मध्ये ही मर्यादा रद्द झाली. त्यानंतर फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पाउंड मिळू लागले. त्या काळी ही मोठी बातमी होती.

दुसरी बेडी होती कराराची. करार संपला तरी क्लब खेळाडूला अडवून ठेवू शकत असे. न्यूकॅसलने सोडण्यास नकार दिल्यावर जॉर्ज ईस्टहॅमने खेळणे बंद केले आणि न्यायालयात धाव घेतली. १९६३ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि ही पद्धत सैल झाली. ती खऱ्या अर्थाने मोडली बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमनमुळे. करार संपल्यावरही क्लब त्याला फ्रान्समधील डंकर्कच्या संघाकडे जाऊ देईना. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल दिला. करार संपलेला खेळाडू युरोपीय संघात कुठेही मोफत जाऊ शकतो, असा त्याचा अर्थ होता. क्लबला जी हस्तांतरण रक्कम द्यावी लागली असती, तिचा मोठा वाटा आता खेळाडू पगाराच्या रूपात मागू लागला.

त्यात टीव्हीचा पैसा आला. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचा करार ३० कोटी ४० लाख पाउंडांचा असल्याचे जाहीर झाले होते. २०२५ ते २०२९ या चार वर्षांसाठी केवळ ब्रिटनमधील हक्कांचा करार ६७० कोटी पाउंडांचा आहे. परदेशांतील हक्कांचे पैसे वेगळे. आपल्याकडे मोबाइलवर पाहिल्या जाणाऱ्या सामन्यांचे पैसेही त्यात येतात.

थोडक्यात, खेळाडूंचे पगार वाढले ते कोणी उदार झाले म्हणून नव्हे. प्रेक्षकांचा पैसा आधीही येत होता. कायदा बदलल्यामुळे त्यातला मोठा हिस्सा क्लबमालकांऐवजी खेळाडूंकडे वळला.

पगार मेहनतीचा असतो की कौशल्याचा?

इथेच बहुतेक चाहत्यांचा गोंधळ होतो. रोजच्या आयुष्यात ‘जास्त पैसे, जास्त काम’ असे समीकरण आपण धरतो. फुटबॉलच्या बाजारात पैसे मिळतात ते दुर्मीळ गोष्टीचे. ९० मिनिटे न थकता धावणारे हजारो खेळाडू जगात आहेत. दोन बचावपटूंच्या मधून अर्ध्या सेकंदात योग्य पास देणारे मोजकेच.

लिओनेल मेसी हे त्याचे ठळक उदाहरण. सामन्याचा बराचसा वेळ तो चालत असतो. सुरुवातीच्या काही मिनिटांत तर तो प्रतिस्पर्धी कुठे उभे राहतात, जागा कुठे सुटतात, हेच पाहत असतो. २०२२ च्या विश्वचषकात ३५ वर्षांच्या मेसीने असेच चालत चालत ७ गोल केले, अर्जेंटिनाला विजेतेपद मिळवून दिले आणि स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानही पटकावला. केवळ धावण्यावर पगार ठरला असता, तर तो संघातला सर्वात स्वस्त खेळाडू ठरला असता.

मग क्लबचे पैसे वाया जातात का? एकूण हिशेब तसे सांगत नाही. पत्रकार सायमन कूपर आणि अर्थतज्ज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी ‘सॉकरनॉमिक्स’ या पुस्तकात इंग्लिश क्लबांच्या अनेक वर्षांच्या आकड्यांचा अभ्यास मांडला. संघाचा पगारावरील तुलनात्मक खर्च आणि गुणतालिकेतील स्थान यांचा संबंध फार घट्ट असतो, असे त्यांना आढळले. अनेक वर्षांची सरासरी काढली, तर स्थानांमधील सुमारे ९० टक्के फरक पगाराच्या आकड्यांवरून समजावता येतो. म्हणजे बाजार बहुतेक वेळा खेळाडूची किंमत बरोबर ओळखतो.

अपवाद असतातच. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटीने बड्या क्लबांच्या तुलनेत किरकोळ पगारखर्चात प्रीमियर लीग जिंकली. हंगामाआधी सट्टेबाजांनी त्यांना ५००० ला १ असा भाव दिला होता. दुसऱ्या टोकाला २०२४-२५ चा मँचेस्टर युनायटेड. देशातील सर्वात महागड्या संघांपैकी एक असूनही तो १५व्या स्थानावर राहिला. पण हे अपवाद आहेत, म्हणूनच ते लक्षात राहतात.

मेहनत मोजता येते का?

येते, पण अर्धवटच. सरावात आणि सामन्यात खेळाडू जर्सीखाली जे छोटे जॅकेट घालतात, त्यात पाठीवर जीपीएस यंत्र बसवलेले असते. शिवाय स्टेडियमभर लावलेले कॅमेरे प्रत्येक खेळाडूची हालचाल टिपतात. खेळाडू किती किलोमीटर धावला, किती वेळा वेग घेतला, किती वेळा अचानक थांबला, हे सगळे सामना संपण्याआधीच प्रशिक्षकाच्या टॅबवर येते.

अव्वल पातळीवरील खेळाडू एका सामन्यात साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. मध्यरक्षक सर्वात जास्त, मधले बचावपटू त्यापेक्षा कमी. मात्र, यातले बहुतांश अंतर चालणे आणि हळू धावणे यांतच जाते. अगदी वेगाने धावलेले अंतर एकूण अंतराच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. प्रीमियर लीगमध्ये चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो सुमारे ५५ मिनिटेच. उरलेला वेळ थ्रो-इन, फ्री-किक, दुखापती आणि वादावादीत जातो.

आता अडचण अशी, की हरणारा संघ अनेकदा जिंकणाऱ्या संघापेक्षा जास्त धावतो. कारण चेंडू समोरच्याकडे असतो आणि यांना त्याच्यामागे पळावे लागते. त्यामुळे ‘आमचा खेळाडू १२ किलोमीटर धावला’ ही कौतुकाची बाब असू शकते किंवा तो चुकीच्या जागी उभा होता याचा पुरावाही.

टीव्हीवर दिसते ते आणखी फसवे. कॅमेरा चेंडूमागे फिरतो. चेंडूपासून ४० मीटरवर प्रतिस्पर्ध्याचा पासचा मार्ग अडवून उभा असलेला खेळाडू आपल्याला दिसतच नाही. दिसतो तो गोल खाल्ल्यावर कमरेवर हात ठेवून उभा असलेला. चेहरा पडलेला असला की आपण म्हणतो, याला काही पडलेली नाही. चेहऱ्यावरून वृत्ती ओळखण्याची ही सवय पंचतारांकित पगारामुळे अधिक कठोर होते.

क्रिकेटमध्येही हे दिसते. २०२४ च्या आयपीएलमध्ये २४.७५ कोटींच्या मिचेल स्टार्कला सुरुवातीच्या सामन्यांत मार पडला, तेव्हा प्रत्येक चेंडूची किंमत काढणारे मीम फिरत होते. त्याच स्टार्कने पहिल्या क्वालिफायरमध्ये आणि अंतिम सामन्यात सामनावीराचा पुरस्कार मिळवला आणि कोलकात्याने विजेतेपद जिंकले. मधल्या काळात त्याची वृत्ती बदलली होती, असे कोणीही म्हणणार नाही.

मग कामचुकारपणा हा नुसता आरोपच?

नाही. खरी उदाहरणे आहेत. सप्टेंबर २०११ मध्ये बायर्न म्युनिकविरुद्धच्या सामन्यात मँचेस्टर सिटीचा कार्लोस तेवेझ राखीव बाकावरून उठायला तयार झाला नाही, असा आरोप प्रशिक्षक रोबेर्तो मान्चिनी यांनी केला. गैरसमज झाला, असे तेवेझचे म्हणणे होते. क्लबच्या चौकशीत तो दोषी ठरला. पुढे तो परवानगीशिवाय अर्जेंटिनाला निघून गेला आणि अनेक महिने खेळलाच नाही. गंमत अशी, की मार्चमध्ये तो परतला, एप्रिलमध्ये त्याने हॅटट्रिक केली आणि मे २०१२ मध्ये सिटीने विजेतेपद मिळवले.

काही प्रकरणे मात्र दिसतात तशी नसतात. डच बचावपटू विन्स्टन बोगार्ड २००० मध्ये चेल्सीत आला. पगार आठवड्याला ४० हजार पाउंड, करार चार वर्षांचा. काही आठवड्यांतच प्रशिक्षक बदलले आणि नव्या प्रशिक्षकाला तो नको होता. चार वर्षांत तो प्रीमियर लीगचे केवळ ९ सामने खेळला. आयता पगार खाणारा खेळाडू म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते. पण तो सरावाला येत राहिला, युवा आणि राखीव खेळाडूंबरोबर धावत राहिला. त्याने एवढेच केले, की सही केलेला करार सोडला नाही. चूक त्याची, की त्याला चार वर्षांचा करार देणाऱ्यांची?

मेसुत ओझिलचे उदाहरण तर दोन्ही बाजूंनी बोलते. एप्रिल २०२० मध्ये करोनाकाळात आर्सेनलच्या खेळाडूंनी साडेबारा टक्के पगारकपात मान्य केली, तेव्हा ओझिलने नकार दिला. वाचवलेला पैसा कुठे जाणार हे आधी स्पष्ट व्हावे, अशी त्याची भूमिका होती. त्याच्यावर स्वार्थीपणाचा शिक्का बसला. त्यानंतर ऑगस्टमध्ये क्लबने ५५ कर्मचाऱ्यांची कपात जाहीर केली. ऑक्टोबरमध्ये क्लबच्या डायनासोर शुभंकराच्या वेशात अनेक वर्षे वावरणाऱ्या कर्मचाऱ्याची नोकरी जाण्याची वेळ आली, तेव्हा त्याचा पगार आपण देऊ, असे याच ओझिलने जाहीर केले. मैदानावर मात्र त्याला पुन्हा आर्सेनलची जर्सी घालता आली नाही. जानेवारी २०२१ मध्ये तो फेनरबाचेकडे गेला.

नीट खेळला नाही तर पगार कापता का येत नाही?

कारण फुटबॉलचा करार ठरावीक मुदतीचा असतो आणि त्यातील मूळ पगार हमीचा असतो. इंग्लंडमध्ये शिस्तभंगासाठी क्लब साधारणपणे दोन आठवड्यांच्या पगाराइतकाच दंड करू शकतो. त्याहून जास्त दंडासाठी खेळाडूंच्या संघटनेची संमती लागते. तेवेझच्या वेळी क्लबला चार आठवड्यांचा दंड करायचा होता. संघटनेने मान्यता दिली नाही आणि दंड दोन आठवड्यांवर आला.

खराब खेळ हा तर शिस्तभंगही नाही. त्यासाठी करारात बोनसची कलमे असतात. गोल, सामने, चॅम्पियन्स लीगमधील प्रवेश यांवर काही रक्कम अवलंबून ठेवता येते. पण मूळ पगार एकदा ठरला, की तो द्यावाच लागतो. कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. करार अर्धवट सोडून खेळाडूही मनाला वाटेल तेव्हा दुसऱ्या क्लबकडे जाऊ शकत नाही.

त्यामुळे नको असलेल्या महागड्या खेळाडूचे क्लब काय करतो? त्याला वेगळा सराव करायला लावतो, संघाच्या यादीतून वगळतो किंवा लोनवर पाठवतो आणि अनेकदा पगाराचा काही भाग स्वतःच भरत राहतो. जेडन सँचोचे असेच झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये सरावातील कामगिरीवरून प्रशिक्षक एरिक टेन हाग यांनी त्याला वगळले. सँचोने समाजमाध्यमावर प्रत्युत्तर दिले आणि त्याला पहिल्या संघाच्या सरावातूनही बाहेर काढण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये तो डॉर्टमुंडकडे लोनवर गेला. पाच महिन्यांनी तो त्याच डॉर्टमुंडकडून चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळत होता.

मार्च २०२५ मध्ये युनायटेडचे सहमालक सर जिम रॅटक्लिफ यांनी बीबीसीच्या मुलाखतीत काही खेळाडू पुरेसे चांगले नाहीत आणि काहींना बहुधा जास्त पगार मिळतो, असे म्हटले. त्याच काळात क्लब कर्मचारी कपातीच्या दुसऱ्या फेरीत होता. २०२४ मध्ये सुमारे २५० आणि २०२५ मध्ये आणखी २०० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली. मुलांना आणि ज्येष्ठांना मिळणारी सवलत काढून हंगामाच्या मध्यातच सदस्यांची उरलेली तिकिटे ६६ पाउंडांना विकायला काढण्यात आली. चाहते संतापले ते यामुळेच. पण ते करार खेळाडूंनी एकट्यांनी केले नव्हते. समोर क्लबचीही सही होती.

प्रशिक्षक बदलला की वृत्ती कशी बदलते?

उस्मान डेम्बेलेचे नाव अनेक वर्षे चुकीच्या कारणांसाठी घेतले जायचे. बार्सिलोनात असताना उशिरा येणे आणि सततच्या दुखापती यांमुळे त्याच्यावर बेशिस्तीचा शिक्का होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनचे प्रशिक्षक लुइस एन्रिके यांनीही शिस्तीच्या कारणावरून त्याला आर्सेनलविरुद्धच्या सामन्यातून वगळले.

पुढे मात्र चित्र पालटले. एन्रिके यांनी त्याला बगलेवरून मधल्या आघाडीवर आणले आणि प्रतिस्पर्ध्यावर दबाव टाकण्याची पहिली जबाबदारी त्याच्यावर सोपवली. मे २०२५ मध्ये पॅरिसने इंटर मिलानला ५-० असे हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. त्या सामन्यात डेम्बेले इंटरच्या गोलरक्षकावर सतत धावून जात होता. बचावासाठी त्याने घेतलेल्या मेहनतीसाठीच त्याला बॅलन डी’ओर द्यायला हवा, असे एन्रिके म्हणाले. सप्टेंबरमध्ये तो त्याला मिळालाही.

रॅशफर्ड, सँचो, डेम्बेले यांच्या उदाहरणांतून एक समान गोष्ट दिसते. वृत्ती म्हणजे खेळाडूच्या स्वभावात कायमची कोरलेली बाब नव्हे. त्याला कोणती भूमिका दिली, प्रशिक्षकावर त्याचा विश्वास आहे का, संघाला दिशा आहे का, यांवर ती बरीचशी अवलंबून असते. आणि प्रशिक्षकाने दिलेला धक्काही कधी कधी उपयोगी ठरतो. अमोरिम चुकले, असा याचा अर्थ नाही. सरावात शंभर टक्के मागणे हा प्रशिक्षकाचा हक्कच आहे. पण पगार जास्त असल्यामुळे रॅशफर्ड आळशी झाला, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

याच रॅशफर्डने २०२० मध्ये गरीब मुलांच्या शाळेतील मोफत जेवणासाठी मोहीम चालवली आणि ब्रिटिश सरकारला निर्णय बदलायला लावला. लहानपणी स्वतःच्या घरातील उपासमार त्याने जाहीरपणे सांगितली होती. त्याच वर्षी, फुटबॉलपटूंनी पगारकपात स्वीकारावी, असे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक पत्रकार परिषदेत म्हणाले. त्यानंतर काही दिवसांतच लिव्हरपूलचा कर्णधार जॉर्डन हेंडरसन आणि इतर खेळाडूंनी एकत्र येऊन आरोग्यसेवेसाठी निधी उभारला. इतर अतिश्रीमंतांना मात्र असे आवाहन झाले नाही, ही खंत तेव्हा अनेकांनी बोलून दाखवली.

खेळाडूंवर कामाचा बोजा किती?

मेहनत कमी पडते, हा आरोप होत असतानाच खेळाडूंच्या संघटना नेमकी उलटी तक्रार करत आहेत. सामने फार झाले आहेत. मँचेस्टर सिटीचा रॉड्री २०२३-२४ मध्ये क्लब आणि देश मिळून ६० हून अधिक सामने खेळला. सप्टेंबर २०२४ मध्ये खेळाडू संपाच्या जवळ आल्याचे त्याने सांगितले. त्यानंतर आठवडाभराच्या आत आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. पुढच्याच महिन्यात तो बॅलन डी’ओर स्वीकारायला आला तो कुबड्या घेऊन.

त्याच हंगामापासून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात सहाऐवजी आठ सामने झाले. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ३२ संघांची क्लब विश्वचषक स्पर्धा झाली. पॅरिसचा संघ १३ जुलैला तिचा अंतिम सामना खेळला आणि बरोबर महिन्याभराने, १३ ऑगस्टला, नव्या हंगामातील सुपर चषकासाठी मैदानात उतरला. एवढ्या वेळात विश्रांती आणि तयारी दोन्ही करायची होती. थकलेले पाय आणि अनास्था, टीव्हीवर दोन्ही सारखेच दिसतात.

सगळेच फुटबॉलपटू कोट्यधीश असतात का?

मुळीच नाही. फिफ्प्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेने २०१६ मध्ये ५४ देशांतील सुमारे १४ हजार व्यावसायिक खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातील ४५ टक्क्यांहून अधिक खेळाडूंना महिन्याला एक हजार डॉलरपेक्षा कमी पगार होता. ४१ टक्के खेळाडूंना आधीच्या दोन हंगामांत पगार उशिरा मिळाला होता. हे सगळे धावत होतेच.

आपल्याकडचे चित्र अधिक जवळचे आहे. राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला गोव्याचा धेंपो, तसेच साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. भारतीय फुटबॉलच्या फेररचनेच्या आराखड्याला त्यांचा विरोध होता. धेंपो पुढे परतला, पण मधली वर्षे खेळाडूंच्या कारकीर्दीतून वजा झाली ती झालीच. २०२५ मध्ये महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातील हक्कांचा करार संपत आल्याने जुलैत आयएसएलचा हंगाम स्थगित झाला. काही क्लबांनी पहिल्या संघाचे पगारच थांबवले. त्या खेळाडूंच्या मेहनतीबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

फुटबॉलपटूची कारकीर्द तिशीच्या मध्यावर संपते. एक गुडघा ती विशीतही संपवू शकतो. म्हणूनच मिळेल तेव्हा मोठा आणि लांब करार करण्याकडे त्याचा कल असतो. अशा वेळी कोणीही दुसरे काही करणार नाही.

मग चाहत्यांचा राग चुकीचा का?

राग चुकीचा नाही. ६६ पाउंडांचे तिकीट काढणाऱ्याला किंवा रात्री दीडपर्यंत जागून सामना पाहणाऱ्याला आपल्या संघाने जीव तोडून खेळावे, असे वाटणारच. प्रश्न आहे तो रागाच्या पत्त्याचा. सराव चुकवणारा, मैदानात उतरायला नकार देणारा खेळाडू दोषी असतो आणि त्याला शिक्षा व्हायला हवी. पण एका चांगल्या हंगामानंतर पाच वर्षांचा करार देणारे, वर्षाकाठी प्रशिक्षक बदलणारे आणि मग पगाराकडे बोट दाखवून कर्मचारी कमी करणारे लोक कॅमेऱ्यात दिसत नाहीत. त्यांच्या धावण्याचा आकडाही कोणी काढत नाही.

पुढच्या वेळी संघ हरताना एखादा महागडा खेळाडू कमरेवर हात ठेवून उभा दिसला, तर ‘हा धावत का नाही’ याबरोबरच आणखी दोन प्रश्न विचारून पाहावेत. त्याला नेमके काय करायला सांगितले आहे? आणि त्याच्या करारावर क्लबच्या वतीने सही कोणाची आहे?